बाही आखूड ठेव

तमाम वाचकांस, त्यांच्या घरच्या लहानथोरांस, आणि ज्यांना वाचता येत नाही पण वाचणाऱ्याच्या मागे उभं राहून ऐकता येतं अशा सर्वांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकाच्या तोंडावर देवीचे जे वण आहेत, त्यांपैकी नाकाच्या शेंड्यावरचा सर्वांत मोठा वण देवीने दिलेला नसून लेखकाने स्वतःच्या जिभेने पाडलेला आहे. याची सर्वांनी नोंद घ्यावी. ज्यांना हसायचे असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावे. मध्ये थोडा वेळ हसता येणार नाही.

मी शिंपी. कळंबच्या पुढे दोन कोसांवर आमचं गाव. मराठी सातवी पास, एक मशीन, एक बायको, एक लेक, आणि एक आवाज. बाकी सगळं बेताचं, पण आवाज मात्र देवानं पुढच्या तीन पिढ्यांचा मला एकट्याला देऊन टाकला. गावच्या दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या नाटकात, बायकांची कामं मीच करायचो. स्वतः शिवलेली चोळी घालून उभा राहिलो की शेवटच्या रांगेतली म्हातारीसुद्धा म्हणायची, "कोणाची लेक व ही?"

हे लिहितो आहे ते दोन कारणांसाठी. एक, ज्यांच्या घरी हा आजार येईल त्यांनी माझ्याएवढा मूर्खपणा करू नये. दुसरं कारण शेवटी सांगेन.

दवंडी

वऱ्हाड नुकताच महाराष्ट्रात आला होता, त्या दिवसांतली गोष्ट. फाल्गुन संपत आलेला, पळस फुलून झडलेला. गणपत कोतवालाचा घसा बसला आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्याचे टोचणीवाले सदाशिवराव सायकल हाकत गावात आले. हडकुळा माणूस, सायकलीला मागे लाकडी पेटी. दवंडी कोण देणार म्हणून विचारलं तर सगळ्या गावानं माझ्याकडे बोट केलं.

"उद्या सकाळी चावडीवर देवी काढणार, लेकरं घेऊन या. एवढंच सांगजा," सदाशिवराव म्हणाले. "जास्त काही नको."

जास्त काही नको, हे माझ्यासारख्या माणसाला सांगणं म्हणजे बैलाला सरकीची ढेप दाखवून खाऊ नको म्हणण्यासारखं आहे.

आपल्या भाषेची गंमत पाहा. रोगाचं नाव देवी. तो रोग घेऊन येते तीही देवी. आणि रोग होऊ नये म्हणून हाताला टोचतात, त्यालाही म्हणायचं देवी काढणे. इथवर ठीक होतं. पण आठ दिवसांपूर्वीच सडकेचे लोक येऊन चुन्याच्या रेघा मारून गेले होते, आणि त्यातली एक रेघ लिंबाखालच्या देवीच्या ओट्यावरून आरपार गेली होती. गाव आधीच धुसफुसत होतं. अशा गावात मी गळ्यात डफडं अडकवून निघालो आणि प्रत्येक चौकात गर्जना केली, "ऐका हो ऐका. सरकारचा हुकूम आहे. उद्या सकाळी देवी काढणार. लहान नाही, मोठी नाही, कोणाचीच देवी शिल्लक ठेवणार नाही हो."

शेवटचं वाक्य माझं स्वतःचं. ते मला फार आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सदाशिवराव चावडीवर हत्यार तापवायचा दिवा पेटवून बसले. एक लेकरू आलं नाही. सारं गाव ओट्याभोवती कडं करून उभं होतं. पुढे दाजीबा, सत्तरीचा म्हातारा, हातात उभारी, म्हणजे बैलगाडीच्या कडेचा दांडा. शेवटी सदाशिवराव दिवा विझवून पेटीत ठेवून स्वतःच तिकडे गेले.

"काय गा, तूच काय देवी काढणारा?" दाजीबानं विचारलं.

"हाव, मीच."

"आणि माणसं कुठी आहेत?"

"मी एकटाच काढतो. वेळ लागत नाही."

"एकटा? कायनं काढतं?"

"चक्री आहे न माह्याजवळ. टेकवली, गरकन फिरवली, झालं. थोडंसं रक्त येते."

"देवीचं रक्त काढतं, भाड्या?"

उभारी पेटीवर बसली. काचेच्या नळ्या फुटल्या, दिवा घरंगळत उतारानं गेला आणि सदाशिवराव त्याच्या मागे. मी चावडीच्या भिंतीवर बसलो होतो. एका वाक्यात सगळा गोंधळ मिटवता आला असता. पण मी पोट धरून हसत होतो, आणि हसणाऱ्या माणसाला वाक्य सापडत नाही. सदाशिवरावांनी काचा एकेक करून रुमालात वेचल्या. कोणाचं पाऊल कापू नये म्हणून. मग सायकल घेऊन गेले.

त्यांच्या त्या धावण्याची नक्कल मी पुढे महिनाभर करून दाखवली. घरंगळणारा दिवासुद्धा मीच व्हायचो.

बायकोचा नमस्कार

चैत्रात मला ताप भरला. कंबर अशी दुखायची की मशीनवर बसवेना. चौथ्या दिवशी सकाळी बायकोनं मला हाताला धरून दारातल्या उजेडात आणलं, कपाळ पाहिलं, हनुवटी वर करून गळा पाहिला. मग पदर डोक्यावर घेतला आणि वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. सणावारालाही तिनं असा नमस्कार केल्याचं आठवत नाही. मी मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी उभं आहे की काय.

"आल्या का आई," ती म्हणाली. "बसा. गरिबाचं घर आहे, सांभाळून घ्या."

मला असं कळलं. डॉक्टर नाही, कागद नाही. बायको गोड बोलली, एवढंच.

आमच्याकडे रीतच आहे. ज्याच्या अंगावर देवी येते त्याला आजारी म्हणत नाहीत. तो माणूस उरतच नाही, घरात पाहुणी आलेली असते. दाराला लिंबाचा डहाळा लागला. फोडणी बंद, कारण चरचर आवाज तिला खपत नाही. मशीन बंद, कारण सुई. वहाणा बाहेर. आणि कोणाला सांगायचं नाही, कारण सांगितलं की दवाखान्याचे लोक उचलून नेणार.

पण खरी भीती वेगळीच होती. आमची सुमन बाळंतपणाला माहेरी आली होती. तिची लेक दीड महिन्याची, मधल्या खोलीत, माझ्यापासून एका कुडाच्या अंतरावर. तिला टोचलेलं नव्हतं. कुठून टोचणार? टोचणाऱ्याची पेटी फुटली तेव्हा ती अकरा दिवसांची होती, आणि तिचा आजा भिंतीवर बसून हसत होता.

मलाही टोचलेलं नव्हतं. माझ्या लहानपणी टोचणीवाला आला की आई मला कणगीत उतरवायची आणि वर सूप झाकायची. तुरीच्या वासाच्या त्या अंधारात मी मोठ्या मजेत बसायचो.

लिंबाच्या सावलीतले दिवस

त्यानंतरचे दिवस मला मोजता येत नाहीत. ते एकामागून एक आले नाहीत, सगळे एकदम आले आणि माझ्या खाटेभोवती बसून राहिले.

दुपार फार मोठी असायची. छपराच्या कवेलूंच्या फटीतून उन्हाचा एक कवडसा जमिनीवर पडायचा आणि मला वाटायचं, तो कापडाचा तुकडा आहे, उचलून ठेवावा, नाहीतर कोणी पाय देईल. कुठूनतरी मोहाच्या फुलांचा वास यायचा. कधी तो वास तुरीचा व्हायचा आणि मी पुन्हा कणगीत असायचो. वर सूप झाकलेलं. सुपाच्या बारीक भोकांतून चांदण्या दिसायच्या, पण बाहेर तर ऊन होतं. आईचा आवाज यायचा, "बोलू नको." मी बोलायचा प्रयत्न करायचो तर तोंडातून सूत निघायचं. पांढरं सूत, चाळीस नंबरचं. ओढत गेलं तरी संपायचं नाही.

अंगाला आग. बायको लिंबाचा पाला अंगावरून हळूच फिरवायची. खाजवायचं नाही म्हणून तिनं माझ्या हातांना जुन्या मलमलीच्या पिशव्या बांधल्या होत्या. टाके वाकडे होते. मी तापातही ते पाहिलं आणि शिंपी असल्याचं दुःख झालं.

"आई, दही घेता का घोटभर?" ती विचारायची. "आई, आता माह्या नवऱ्याले सोडा जी. बडबड्या आहे, पण वाईट नाही."

माझ्याबद्दल ती हे मलाच सांगायची. मी ऐकायचो आणि डोळ्यांच्या कडांतून पाणी यायचं. डोळे सुजून बंद होत आले होते, त्यामुळे तिला ते दिसायचं नाही. बावीस वर्षांत तिनं मला काय समजलं, ते ऐकायला मला देवी व्हावं लागलं.

आणि कुडापलीकडून तान्हीचा आवाज. रडणं, मग चुपचुप, मग उचकी. ती रडली की मी घाबरायचो. रडली नाही की जास्त घाबरायचो.

अशाच एका दुपारी मशीनचा आवाज आला. पायडल हलत होतं, संथ, सवयीच्या पायांनी हलावं तसं. पाहतो तर माझ्या मशीनवर एक बाई बसलेली. काळीसावळी, केस मोकळे, कपाळभर कुंकू. पाय अनवाणी, तळव्यांना सडकेचा चुना लागलेला. दंडारीत मी देवी झालो तेव्हा किती हातवारे केले होते, किती डोळे फिरवले होते. ही नुसती बसली होती. शेताहून आलेली बाई सावलीला बसते तशी.

तिनं दंड पुढे केला. मी समजलो, चोळीचं माप घ्यायचं. गळ्यातली टेप काढली आणि बाहीचं माप घेऊ लागलो. टेप पुरेना. मी मापत गेलो, खांद्यापासून खाली, आणि तो हात म्हणजे आमच्या गावची सडक झाली. लिंबाजवळून वळली, कळंबच्या बाजूनं गेली, दोन्ही बाजूंना पराटीची, म्हणजे कपाशीची, रिकामी शेतं. मी टेप धरून चालतोय, चालतोय, आणि ऊन अजिबात लागत नाही. मग एकदम पुन्हा दंड. दंडावर, बाही संपते तिथे, टोचल्याच्या दोन गोल खुणा. जुन्या, रुजलेल्या. आपल्या आयाबायांच्या हातावर असतात तशा.

ती एवढंच म्हणाली, "बाही आखूड ठेव."

आणि मशीन थांबलं.

माझं सर्वांत मोठं काम

जागा झालो तेव्हा डोकं स्वच्छ होतं. मी बायकोला हाक मारली आणि सांगितलं, सदाशिवरावांना बोलाव, लेकराला टोचून घे.

तिनं कानांवर हात ठेवले. "घरात देवी बसली असताना सुई? काहून असं बोलता? कोप होईन."

तेव्हा मला सुचलं. या घरात माझं कोणी ऐकत नाही, पण माझ्यात बसलेल्या पाहुणीचं सगळे ऐकतात. मी उठून बसलो. मान सैल सोडली. घशातून तो आवाज काढला, जो दंडारीत शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. आणि मी बोललो.

काय काय बोललो, आता लाज वाटते. मी सात बहिणींतली धाकटी, मी लिंबाची, मी सडकेची, मला चुना लावला, माझ्या नावानं खोटी दवंडी दिली, तो सायकलवाला माझाच भक्त, त्याची पेटी फोडली ती माझ्या कपाळी लागली, त्याला मानानं बोलवा, त्याच्या चक्रीत मीच फिरते, तान्हीच्या दंडावर मला घर करू द्या. मध्ये एक ओवीही रचली. शेवटी फुंकर मारून आडवा झालो. तापानं आणि नाटकानं मिळून घाम फुटला होता.

बायकोनं माझ्या कपाळावरचा घाम पुसला. मग गणपतला निरोप देऊन पाठवलं.

उंबऱ्यावर

दुसऱ्या दिवशी दुपारी सायकलची घंटी वाजली. कोणी सांगायच्या आधीच सदाशिवरावांनी वहाणा अंगणात काढल्या, पाय धुतले, डहाळ्याखालून वाकून आत आले. पेटी नवी होती, तिला सुतळी बांधलेली.

"मले कोणी बोलावलं?"

"देवीनं," बायको म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे जेमतेम किलकिले होत होते. मी तेही मिटून घेतले.

"बाई, देवीनं सांगितलं म्हणून हात देऊ नका," ते म्हणाले. खाटेत मी हादरलो. एवढं मोठं काम केलं आणि हा माणूस ते पाण्यात घालतो. "मी काय सांगतो ते ऐका, मंग तुम्ही ठरवा. लेकरू रडन. चार-आठ दिवसांनी ताप येईन. टोचलं तिथं फोड येईन, पिकन, खपली धरन. खूण जन्मभर राहीन. आता टोचलं तर अजून वेळ गेलेली नाही असं मले वाटते. पण खातरी देत नाही. आठ दिवसांनी पाह्यल्याशिवाय सांगता येत नाही."

"मंग कायले टोचायचं?"

"लागली तर तिले हे होत नाही." हे म्हणजे मी.

"तुमच्या घरी टोचले आहे काय समद्यांले?"

सदाशिवरावांनी दोन्ही बाह्या वर केल्या. खांद्यापासून कोपरापर्यंत खुणांवर खुणा. नवं काही टोचायला जागा नव्हती.

"हे काय व बाप्पा?" सुमन आतून म्हणाली.

"ज्या गावात कोणी हात देत नाही, तथी पहिला माह्या देतो."

बायको उभीच राहिली. दाराचा डहाळा वाळला होता, त्याची पानं वाऱ्यानं आत येत होती. मला वाटलं, ती आता मला विचारेल, आई काय करू. तिनं विचारलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. पदर खोचला आणि हात पुढे केला.

"पहिले मले. दुखलं तर सांगीन मी. मंग सुमनले. लेकरू शेवटी."

थोड्या वेळानं कुडापलीकडून तान्ही किंचाळली. माझ्या आयुष्यात ऐकलेला सर्वांत गोड आवाज.

लागली

मधल्या आठ दिवसांत माझ्या खपल्या पडू लागल्या आणि तान्हीला ताप आला. तो कोणता ताप, हे कोणालाच माहीत नव्हतं. बायको दोन खाटांमध्ये बसून असायची, एक हात इकडे, एक तिकडे.

आठव्या दिवशी सदाशिवराव आले, तान्हीचा दंड उजेडात धरला आणि म्हणाले, "लागली."

सुमननं हंबरडाच फोडला. देवी लागली म्हणजे आमच्याकडे एकच अर्थ.

"अवं, तशी नाही. टोचणी लागली. चांगली लागली. आता लेकरू वाचलं," ते घाईनं म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पाहा शिंपीबुवा, एका शब्दानं काय होते."

मी पाहिलं होतं. सगळं पाहिलं होतं. तोवर गावात आणखी दोन घरांत डहाळे लागले होते. एक घर दाजीबाचं. त्याची नात वाचली, पण उजवा डोळा गेला. तिचे परकर-पोलके मीच शिवतो. माप द्यायला येते तेव्हा मान थोडी वळवून माझ्याकडे पाहते. त्या वेळी मी काहीही विनोद करत नाही.

उठून अंगणात बसायला लागलो तेव्हा सदाशिवराव शेजारी टेकले. "तुमचं नाटक झकास झालं म्हणतात."

"तुमच्यासाठीच केलं."

"हाव. पण पुढच्या साथीले कोणाच्या अंगात आणू मी?" आवाज जराही चढला नाही. "साथ एकदाच येत नाही, बुवा. ही जाईन, दुसरी येईन, नाव दुसरं असन. मले याच गावात पुन्हा यायचं आहे. माह्याजागी दुसरा आला तर त्याले बी यायचं आहे. फसवून एक हात मिळते. दुसऱ्यांदा दारच उघडत नाही."

मी विचारलं, मग काय करू. ते म्हणाले, "तुम्हीच बंद केलं, तुम्हीच उघडा."

दुसरी दवंडी

या वेळी देवी हा शब्द मी तोंडात येऊ दिला नाही. "उद्या सकाळी चावडीवर हाताला टोचणार. रोग होऊ नये म्हणून. देवीचा ओटा आहे तिथेच राहणार, सडकेच्या लोकांनी रेघ बाजूनं वळवून घेतली आहे." एवढंच. डफडंही हळू वाजवलं. लोक दारात येऊन पाहत होते, की शिंप्याला अजून बरं वाटत नाही वाटते.

सकाळी सगळे आले, पण हात द्यायला नाही, माझं तोंड पाहायला. मी चावडीच्या पायरीवर उभा राहिलो आणि सांगून टाकलं. पहिल्या दवंडीतलं शेवटचं वाक्य माझं होतं. देवी काढणं म्हणजे हाताला टोचणं होतं, ओटा काढणं नव्हे. मला ठाऊक होतं आणि मी हसत बसलो. आणि माझ्या घरात देवी बोलली म्हणून जे गावभर झालं, तेही मीच बोललो. बायकोला फसवलं.

दाजीबा पुढे आला. हातात उभारी नव्हती, नात होती.

"म्हणजे देवी बोललीच नाही?"

"एक वाक्य बोलली," मी म्हणालो. "तापात. बाकीचं माझं."

तोंडावर वण घेऊन मी आयुष्यात पहिल्यांदा अशा लोकांपुढे उभा होतो, ज्यांना हसवण्याची मला हिंमत नव्हती. सदाशिवराव दिव्याची वात खालीवर करत होते. देवीच्या नावानं खोटं बोललेल्या माणसाच्या सांगण्यावरून हात द्यायचा, की त्याच कारणासाठी आवरता घ्यायचा, हे कोणाला ठरवता येईना. बाया लेकरांच्या बाह्या खाली ओढू लागल्या. मागची रांग उठायच्या बेतात होती. मला कळलं, खरं बोलून मी दुसऱ्यांदा चावडी बंद केली.

त्या दिवशी उन्हं उतरेपर्यंत सदाशिवरावांच्या नळ्या संपल्या. पहिला हात दाजीबानं दिला, दुसरा घरच्या धाकट्या लेकराचा पुढे केला. पुढच्या वर्षी टोचणीवाले आले तेव्हा दवंडीही लागली नाही, सायकलची घंटी ऐकून बाया लेकरं घेऊन निघाल्या. हे सगळं एका वाक्यानं झालं, आणि ते वाक्य माझं नव्हतं. लिहिण्याचं दुसरं कारण म्हणालो होतो ते हेच, की ते वाक्य कुठेतरी नोंदलेलं असावं.

त्या सकाळी बायांच्या रांगेत पुढेच आमच्या घरची बसली होती, मांडीवर तान्ही. तान्हीच्या अंगात मी शिवलेलं झबलं, बाही आखूड, दंडावरची खूण सगळ्या गावाला दिसेल अशी. चार माणसांत कधी तोंड न उघडणारी माझी बायको बसल्या जागेवरून, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली:

"मले तवाच समजलं होतं, तरी लेकराचा हात पुढं केला. देवी असती तर एवढी बोलली नसती."